कपाटातल्या लग्नाच्या सीड्या: रिप कशा करायच्या आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायच्या

नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुढची पंधरा-वीस वर्षं आपल्याकडे लग्न, मुंज, बारसं, साठीशांत अशा कार्यांचं शूटिंग डिस्कवर मिळायचं. आधी व्हीसीडी, मग डीव्हीडी. मखमली बॉक्समध्ये दोन-तीन डिस्क आणि प्रत्येकीवर नवरा-नवरीचा फोटो चिकटवलेला. आता त्या घरात प्लेयर उरलेला नाही आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. डिस्क मात्र दर उन्हाळ्यागणिक जुनी होतेय. व्हिडिओवाल्याने राइट करून दिलेल्या डिस्कवर माहिती साठते ती सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरात, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा कोकणातल्या ओलसर भिंतीच्या कपाटात ठेवलेल्या डिस्कचा नंबर आधी लावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. डिस्कवरचा व्हिडिओ जसाच्या तसा कम्प्युटरवर उतरवून घेणं, म्हणजे रिप करणं, हे एक काम, आणि तो लहान करून मोबाइल-टीव्हीला चालेल असा बनवणं हे दुसरं. ‘एका क्लिकमध्ये डीव्हीडीची एमपीफोर’ असं सांगणारी सॉफ्टवेअर ही दोन्ही कामं एकदम उरकतात. त्यात व्हिडिओचा दर्जा थोडा जातो, आणि गेलेला दर्जा परत येत नाही. म्हणून आधी अस्सल प्रत काढायची, ती बाजूला ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करायचे.

हा लेख घरच्या डिस्कपुरता आहे. पैसे देऊन करून घेतलेल्या शूटिंगचा कॉपीराइट, वेगळा करार झाला नसेल तर, ज्यांनी ते करून घेतलं त्यांचाच असतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७, तसं सांगतो. विकत आणलेल्या सिनेमांच्या डीव्हीडीवर कॉपी करता येऊ नये म्हणून बहुधा कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा २०१२ साली आलेल्या कलम ६५अ प्रमाणे गुन्हा आहे. लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसतं, त्यामुळे आपलं काम सोपं होतं.

डिस्क नेमकी कुठली?

घरात सगळ्यांनाच ‘सीडी’ म्हणतात, पण व्हीसीडी आणि डीव्हीडी उतरवण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. डिस्कवरचा छोटा लोगो बघा. फोटोच्या लेबलखाली तो झाकला गेला असेल तर डिस्क ड्राइव्हमध्ये घालून आतले फोल्डर उघडा. ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘डॅट’ फाइल दिसली, तर ती व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असेल तर डीव्हीडी. ‘बीडीएमव्ही’ असेल तर ब्लू-रे, पण लग्नाची ब्लू-रे फार थोड्या घरांत सापडेल आणि ती वाचायला ब्लू-रे ड्राइव्हच लागतो.

व्हीसीडी आणि डीव्हीडीतला फरक मोठा आहे. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, म्हणजे जेमतेम एक लाख पिक्सेल. एका डिस्कवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणूनच सीमांतपूजन एका डिस्कवर आणि सप्तपदी दुसरीवर अशी विभागणी असायची. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या वर पिक्सेल. एकाच लग्नाच्या दोन्ही प्रती सापडल्या तर डीव्हीडी आधी बघा. मात्र काही वेळा व्हीसीडीवरूनच पुढे डीव्हीडी बनवलेली असते. दोन्ही शेजारी लावून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

काय काय लागेल

यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह. तो सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी सगळं वाचतो. लॅपटॉपच्या पोर्टमधून पुरेशी वीज मिळाली नाही की तो मध्येच बंद पडतो, म्हणून हबमध्ये न खोचता थेट लॅपटॉपला लावा आणि लॅपटॉप चार्जिंगवर ठेवा. ओळखीच्या कुणाकडे जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातला मोठा ड्राइव्ह अडेलतट्टू डिस्क वाचायला पुष्कळदा जास्त कामाचा ठरतो.

जागा: डीव्हीडीमागे साडेचार जीबी आणि व्हीसीडीमागे एक जीबी धरा. अलीकडच्या हार्डडिस्कच्या मानाने हे काहीच नाही, त्यामुळे जागा वाचवायच्या नादात अस्सल प्रत उडवू नका.

सॉफ्टवेअर: इमेज, म्हणजे एका फाइलीत डिस्कची हुबेहूब प्रत, काढायला विंडोजवर इमगबर्न. डीव्हीडीतून व्हिडिओ वेगळा काढायला मेकएमकेव्ही, ज्याचा डीव्हीडीपुरता वापर फुकट आहे. लहान करायला हँडब्रेक, बघायला व्हीएलसी आणि फाइलच्या पोटात काय आहे ते वाचायला मीडियाइन्फो. ही शेवटची तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. प्रत्येक गोष्ट तिच्या मूळ साइटवरूनच उतरवा. ‘फ्री डीव्हीडी रिपर’ असं शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींमधली बरीचशी सॉफ्टवेअर पाच मिनिटांचा व्हिडिओ करून देतात आणि पुढे पैसे मागतात.

डिस्क पुसणं

मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं फडकं घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती वर्तुळाकार मार्गावर असते, त्यामुळे त्या दिशेने गेलेला ओरखडा सलग पुष्कळ माहिती खातो. आडव्या ओरखड्यातून ड्राइव्ह सहसा निभावून नेतो. बोटांचे डाग असतील तर फडकं पाण्याने किंचित ओलं करा.

खालच्या चकचकीत बाजूला सगळे जपतात, पण सीडी आणि व्हीसीडीचा परावर्तक थर वरच्या छापील बाजूच्या अगदी लगेच खाली असतो. तिथे बॉलपेनने जोरात लिहिलं किंवा खरवडलं तर डिस्क कायमची जाते. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती वरून तेवढी नाजूक नसते. चिकटवलेल्या फोटोची कडा सुटली असेल तरी लेबल ओढून काढू नका. सीडीच्या बाबतीत त्याबरोबर परावर्तक थरही निघून येऊ शकतो. सुटलेली कडा बोटाने हलकेच दाबून बसवा आणि डिस्क एकदाच, सलग वाचून घ्या.

डीव्हीडी: आधी इमेज

इमगबर्न उघडून ‘डिस्कपासून इमेज फाइल बनवा’ या अर्थाचा पर्याय निवडा, हार्डडिस्कवरचा फोल्डर दाखवा आणि चालू करा. धडधाकट डिस्कला दहा-पंधरा मिनिटं लागतात. हाती येते ती आयएसओ फाइल: मेनू, गाणी, चॅप्टर अशा सगळ्या सामानासकट डिस्कची हुबेहूब प्रत. मॅकवर हेच काम डिस्क युटिलिटी करते. आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडा आणि सुरुवात, मध्य, शेवट असं फिरवून बघा. शेवट नक्की बघा, कारण डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि बाहेरची कडच हाताळताना जास्त घासलेली असते.

आता फोल्डरच्या आत डोकावू. ‘व्हीओबी’ फाइलींमध्ये चित्र आणि आवाज असतो, ‘आयएफओ’मध्ये कुठला भाग कुठे सुरू होतो त्याची यादी आणि ‘बीयूपी’ ही त्या यादीची राखीव प्रत. एक व्हीओबी फाइल १ जीबीच्या वर जात नाही, म्हणून दोन तासांचं लग्न चार-पाच तुकड्यांत दिसतं. नवखा माणूस हे तुकडेच पेनड्राइव्हवर टाकतो आणि मग टीव्हीवर अक्षतांच्या ऐन वेळी व्हिडिओ संपतो.

हे तुकडे नीट जोडायचं काम मेकएमकेव्हीचं. त्यात आयएसओ उघडली की टायटलांची, म्हणजे डिस्कवरच्या सुट्या व्हिडिओंची, यादी येते. प्रत्येकाची लांबी बघून हवी ती टायटल निवडा, फोल्डर दाखवा आणि ‘मेक एमकेव्ही’ दाबा. दोन-चार मिनिटांत एकसंध एमकेव्ही फाइल मिळते. चित्राला हात लागलेला नसतो, फक्त वरचं आवरण बदललेलं असतं. एक खोच लक्षात ठेवा: १२० सेकंदांपेक्षा छोटी टायटल हे सॉफ्टवेअर मुळात गाळतं. व्हिडिओवाल्याने सुरुवातीला दीड मिनिटाची निमंत्रणपत्रिकेची क्लिप वेगळी टाकली असेल तर ती यादीत दिसणारच नाही. सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा १० करा.

व्हीसीडीचं तंत्र निराळं

मेकएमकेव्हीला व्हीसीडी समजत नाही. तिची साधी आयएसओही नीट बनत नाही, पूर्ण इमेज हवी असेल तर ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा दोन फाइलींच्या जोडीने ती निघते. यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक तुकड्याबरोबर चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते. व्हीसीडीत व्हिडिओच्या भागातली ही जादा माहिती वगळून ती जागाही चित्राला दिली आहे, म्हणूनच ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीची फाइल दिसते. याची किंमत अशी, की ओरखडा पडला की तो भाग सावरायला फारसं काही उरत नाही आणि पडद्यावर थेट चौकोन दिसतात.

आधी सोपा मार्ग करून बघा. ‘एमपेगएव्ही’मधली डॅट फाइल हार्डडिस्कवर कॉपी करा आणि व्हीएलसीमध्ये लावा. बहुतेक वेळा ती चालते. डॅट म्हणजे आत एमपेग-१ व्हिडिओच असतो, त्यामुळे फाइलीच्या नावाचं शेपूट ‘डॅट’ऐवजी ‘एमपीजी’ केलं की बरेच प्लेयर ती निमूट चालवतात. कॉपी करताना विंडोज एरर देऊन थांबला तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर घ्या. ते डिस्क तुकड्यातुकड्याने वाचतं आणि एका खराब जागेपायी सगळी फाइल टाकून देत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी व्हीसीडीइमेजरच्या संचात व्हीसीडी उतरवण्याचं साधन आहे.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय

‘एमपीफोर चांगली की एमकेव्ही?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो अर्धाच असतो. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, व्हीओबी हे डबे आहेत. आत भाजी कुठली, म्हणजे चित्र कुठल्या पद्धतीने आवळून भरलंय, ते डब्यावरून कळत नाही. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. टीव्ही जेव्हा ‘फॉरमॅट सपोर्ट करत नाही’ म्हणतो, तेव्हा तक्रार बऱ्याचदा कोडेकबद्दल असते. फाइलीचं नाव बदलून तिथे काही साधत नाही.

कोडेकची वंशावळ थोडक्यात अशी. एमपेग-१ व्हीसीडीत, एमपेग-२ डीव्हीडीत. मग २००३ साली एच.२६४ आला. त्याला तेवढ्याच चित्रासाठी एमपेग-२ च्या निम्मी किंवा त्याहूनही कमी जागा पुरते आणि गेल्या पंधरा वर्षांतला जवळपास प्रत्येक फोन, टीव्ही, लॅपटॉप तो चालवतो. २०१३ चा एच.२६५ आणखी आवळतो, पण जुन्या टीव्हीला आणि स्वस्त फोनला झेपेलच असं नाही. २०१८ चा एव्ही१ त्याच्याही पुढचा. लग्नाच्या व्हिडिओसाठी माझं मत सरळ आहे: एच.२६४ घ्या आणि पुढे चला. एच.२६५ मुळे वाचणारे दोन-चारशे एमबी म्हणजे काही मोठी बचत नव्हे, आणि मामांच्या टीव्हीवर ती फाइल चालली नाही तर फोन तुम्हालाच येणार.

डब्यांपैकी एमपीफोर सर्वात जास्त ठिकाणी चालतो. एमकेव्ही जास्त सोशिक आहे, त्यात कुठलाही कोडेक आणि हवे तेवढे आवाजाचे ट्रॅक मावतात, म्हणून अस्सल प्रतीला तो बरा. एव्हीआय १९९२ चा, मायक्रोसॉफ्टचा. आता नव्याने त्यात काही बनवायचं कारण नाही.

आपल्याकडच्या डिस्क पाल या टीव्ही-पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं. न्यू जर्सीच्या काकांनी तिकडून पाठवलेली डिस्क एनटीएससी असेल: ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. कम्प्युटरला दोन्ही सारख्याच. एकीची दुसरी करायला जाऊ नका, हालचाल अडखळायला लागते.

हँडब्रेकमध्ये लहान प्रत

मेकएमकेव्हीतून निघालेली फाइल हँडब्रेकमध्ये ओढून टाका. तयार प्रीसेटपैकी ‘फास्ट ५७६पी२५’ निवडून सुरुवात करा आणि मग मोजक्या गोष्टी बदला.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, डीइंटरलेस. त्या काळचे कॅमेरे एक चित्र दोन अर्ध्यांत टिपायचे, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे खपून जायचं. आजच्या पडद्यावर कुणी हात हलवला की कडांवर बारीक आडव्या रेघा दिसतात. वरातीतल्या नाचात तर फारच. हँडब्रेकच्या फिल्टर भागात ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ किंवा ‘याडिफ’ निवडा, त्याचा ‘बॉब’ प्रकार घ्या आणि फ्रेमरेट ५० करा. दोन्ही अर्ध्यांतून दोन वेगळी चित्रं तयार होतात आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसते. फ्रेमरेट २५ वरच राहिला तर बॉबचा काही उपयोग नाही. व्हीसीडीला ही भानगड नसते, तिथे हा फिल्टर बंद ठेवा.

दुसरी, दर्जाचा आकडा. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ ठेवून आरएफ १८ ते २० घ्या. आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. व्हिडिओसाठी ‘ॲव्हरेज बिटरेट’ वापरू नका. गुरुजी मंत्र म्हणत बसले आहेत आणि पाहुणे अक्षता टाकताहेत, या दोन दृश्यांना सारखी जागा लागत नाही. कुठे किती द्यायची ते सॉफ्टवेअरला ठरवू द्या. कॅसेटवरून डीव्हीडी केलेली असेल तर चित्रात दाणे भरपूर असतात आणि फाइल अपेक्षेपेक्षा मोठी निघते. त्यात काही बिघाड नाही.

तिसरी, चित्राचा आकार. ७२० बाय ५७६ हे पिक्सेल चौरस नसतात. तीच चौकट ४:३ साठी वापरतात आणि १६:९ साठीही. हँडब्रेकमध्ये ॲनामॉर्फिक ‘ऑटोमॅटिक’ असेल तर प्रमाण नीट येतं. तरीही सगळी माणसं आडवी सुटलेली दिसत असतील, तर व्हिडिओवाल्याने ४:३ चं शूटिंग १६:९ म्हणून नोंदवलेलं असतं. मग प्रमाण हाताने बदलून घ्या.

चित्र ताणून १०८०पी करू नका. चार लाख पिक्सेलचे वीस लाख केले तरी तपशील नवा येत नाही, फाइल तेवढी फुगते. आवाजाला एएसी कोडेक आणि बिटरेट १६० पुरे. कोडेक एच.२६४, डबा एमपीफोर, आणि हिरवं बटण दाबा. आधी मधल्याच दोन मिनिटांची चाचणी काढून टीव्हीवर बघितलीत तर तीन तासांचं काम पुन्हा करावं लागत नाही.

डिस्क वाचतच नसेल तर

डिस्क रिकामी दिसते आणि विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारतो? नाही म्हणा. बहुधा ती हँडीकॅमने किंवा घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरने लिहिलेली आणि ‘फायनलाइज’ न केलेली, म्हणजे लिहून झाल्यावर नीट बंद न केलेली, डिस्क आहे. मूळ कॅमेरा चालू स्थितीत असेल तर त्यात घालून फायनलाइज करा, नाहीतर आयसोबस्टर अशा डिस्कमधूनही व्हिडिओ शोधतो. हँडीकॅमच्या ८ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्क ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्येच घाला. फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या अडकतात.

ओरखड्यांमुळे अडत असेल तर पहिला उपाय दुसरा ड्राइव्ह. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा सहज वाचतो, हे अगदी नेहमीचं. त्यानेही भागलं नाही तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. ते आधी डिस्कचा चांगला भाग भराभर उतरवून घेतं, खराब जागांची नोंद एका फाइलीत ठेवतं आणि मग त्या जागांवर परत परत जातं. नोंद जपून ठेवली तर उरलेलं काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतं. टूथपेस्ट लावून डिस्क घासायचे सल्ले सर्वत्र मिळतील, पण एकुलत्या एक प्रतीवर तो प्रयोग करू नका.

पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप, यूट्यूब

पूर्ण डीव्हीडीची एमकेव्ही पेनड्राइव्हवर जात नाही आणि जागा तर भरपूर दिसते, अशा वेळी पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करा, पण टीव्ही ते वाचतो का ते आधी बघा. फॉरमॅट केल्यावर पेनड्राइव्हवरचं सगळं जातं, हे वेगळं सांगायला नको. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि वर्षापासून सुरू होणारी ठेवा. देवनागरी नावांच्या जागी काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो पुन्हा आवळला जातो आणि इतकी मेहनत वाया जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोचते.

यूट्यूबवर टाकणार असाल तर ‘अनलिस्टेड’ ठेवा. व्हिडिओवाल्यांनी मंगलाष्टकांनंतर सढळ हाताने सिनेमाची गाणी टाकलेली असतात, आणि ती ओळखून यूट्यूब कॉपीराइटचा दावा लावतं. शूटिंग तुमचं असलं तरी गाणं तुमचं नाही. दावा आला म्हणून घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा व्हिडिओ राहतो आणि त्यावर जाहिराती दिसतात, काही वेळा तेवढ्या भागाचा आवाज बंद करावा लागतो. तेवढ्यासाठी अस्सल प्रतीतलं गाणं मात्र कापू नका.